वासराच्या पोटात जंतू ठाण मांडतो तो नेमका कसा?

शंकाखोर
मंडळी, कोवळ्या वासराला हगवण लागली की "जंतू गेला पोटात" एवढं म्हणून सगळे मोकळे होतात. पण जंतू कुठे नसतो? गोठ्याच्या जमिनीवर असतो, कासेवर असतो, बादलीत असतो, वासराला चाटणाऱ्या गाईच्या तोंडात असतो. एकाच गोठ्यात मागेपुढे जन्मलेली दोन वासरं तीच जमीन चाटतात. एकाला पांढरी हगवण लागते आणि बघता बघता डोळे खोल जातात. दुसरं शेपटी वर करून गोठाभर उंडारतं. जंतू गेला असेल तर दोघांच्याही पोटात गेला असणार. मग मुक्काम एकाच्याच पोटात का?

दुसरा प्रश्न. त्याच गोठ्यातली मोठी गाय तोच जंतू रोज गिळते. तिला काही का होत नाही?

"प्रतिकारशक्ती कमी पडली" हे उत्तर कृपया नको. ते सर्दीपासून सगळ्याला चालतं. आतड्यात काय घडतं ते कुणी नीट सांगेल का? शेळ्या-मेंढ्यांबद्दलही चालेल.

तिफण
चीक वेळेवर मिळाला होता का दोघांना? आधी ते सांगा, मग पुढचं बोलू.

आळसोबा
धागा जेवताना उघडला. हात धुऊन परत येतो.

पाटलीणबाई
चीक चीक काय करता सगळे? आमच्या सासूबाई म्हणायच्या, चीक पोटभर पाजला की वासरू हगतंच. जड असतो तो, थोडा थोडाच द्यावा. हगवण लागते ती जास्त पिऊन, जंतूबिंतू नंतरचे.

डॉ_सडेतोड
पाटलीणबाई, सासूबाईंचा मान राखून सांगतो, हे काही पटत नाही. चिकाने शेण जरा पातळ नि पिवळं पडतं, त्याला हगवण म्हणत नाहीत. वासरू तरतरीत असतं, चोखत असतं. त्यावर नंतर भांडू. आधी मूळ प्रश्न, कारण तो चांगला आहे.

जन्मलेल्या वासराच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला धरून निकामी करणारी प्रथिनं, जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला ती वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची बांधणीच अशी की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत. ती सगळी चिकात उतरतात. वासराच्या आतड्यातल्या पेशी सुरुवातीला ही मोठमोठी प्रथिनं अख्खी गिळून रक्तात सोडतात. पहिल्या चार-सहा तासांत हे काम जोरात चालतं, मग उतरत जातं आणि साधारण २४ तासांनी बंद पडतं. त्यानंतर कितीही चीक पाजा, प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत.

आता जंतूच्या बाजूने बघा. पोटात शिरलेल्या जंतूला पहिला अडथळा जठरातल्या आम्लाचा. तान्ह्या वासराचं कोठीपोट, म्हणजे चारा मुरवणारं पहिलं मोठं पोट, अजून कामाला लागलेलं नसतं. चोखताना अन्ननलिकेच्या पुढची खाच मिटून नळी तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात उतरतं. पहिल्या दिवशी तिथे आम्ल फारसं तयारच होत नाही. जंतू जिवंतच पुढे सरकतो.

पहिल्या चार-पाच दिवसांत हगवण लावणारा ठरलेला जंतू ई. कोलाय. पण सगळे ई. कोलाय गुन्हेगार नाहीत. बहुतेक जाती आतड्यात जन्मभर मुकाट राहतात. रोग करणाऱ्या जातीकडे दोन हत्यारं लागतात. एक म्हणजे धरून ठेवायला अंगावरचे अतिबारीक तंतू. वासरांच्या बाबतीत त्यांना के-९९ किंवा एफ-५ म्हणतात. दुसरं विष. तंतू नसतील तर आतड्याच्या हालचालीबरोबर जंतू वाहून जातो, विष असून फुकट. तंतू असतील तर तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेशींना चिकटतो, तिथे वाढतो आणि हळूहळू वर चढत जातो. खालून सुरुवात का? हे तंतू आम्ल कमी असेल तिथेच नीट तयार होतात आणि आतड्यात खाली जावं तसं आम्ल कमी होत जातं.

हे तंतू पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट रेणूला धरतात. तो रेणू जन्मल्यावर पहिले काही दिवस भरपूर असतो, मग कमी होत जातो. म्हणून पहिला आठवडा निघाला की एवढ्या एका जंतूने लागणारी हगवण सहसा दिसत नाही. मोठ्या गाईच्या आतड्यात याला धरायला जागाच उरलेली नसते. शंकाखोर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे.

रानफूल
म्हणजे जंतू आतडं पोखरतो, सडवतो असं काही नाही? मी तर तसंच समजत होते.

डॉ_सडेतोड
रानफूल, ही जात आत शिरतच नाही. शवविच्छेदनात पोट उघडलं की दिसतं ते असं: आतड्याची वेटोळी फुगलेली, आत पिवळसर पाणी डचमळतंय, भिंत ताणून पातळ झालेली. पण तीच भिंत सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर पेशी बहुतेक जागच्या जागी, फक्त त्यांच्या काठावर जंतूंचा थर.

विष करतं ते एवढंच. पेशीच्या बाहेरच्या अंगाला एक विकर (एन्झाइम) असतं, विष त्याला चालू करतं. मग पेशी क्लोराइड बाहेर टाकत सुटते आणि सोडियम आत घेणं थांबवते. मिठामागे पाणी जातं. मोरीचा नळ कुणी उघडा टाकून गेल्यासारखी गत. वासरू मरतं ते पाणी नि मीठ गेल्याने, आणि शेणावाटे बायकार्बोनेट वाहून जाऊन रक्तात आम्ल वाढल्याने. मान टाकून पडलेलं, चोखायची इच्छा गेलेलं, तोंडात बोट घातलं तर आतून गार लागणारं वासरू बघितलंय ना? ते हे.

एक वाट मात्र विष बंद करत नाही. ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी वाट वेगळी आहे, ती चालू राहते. ओआरएस काम करतं ते तिच्या जोरावर.

तिफण
@शंकाखोर, तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. चीक?

शंकाखोर
दोघांनाही पाजला. म्हणजे एक आपणहून उठून प्यायलं. दुसऱ्याची वीण अडली होती, ओढून काढावं लागलं. बराच वेळ पडून होतं, मग उशिरा पाजला. किती उशिरा ते घड्याळ लावून कुणी बघितलं नाही.

तिफण
झालं की मग! धागा बंद करा.

सूक्ष्मदर्शी
तिफण, एवढ्यात कसा बंद? आत्ता कुठे रंगतोय.

चिकाची गोष्ट जुनी आहे. १९२२ साली थिओबाल्ड स्मिथ आणि लिट्ल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना दिलाच नाही. न मिळालेल्यांतली बहुतेक मेली, आणि मेलेल्यांच्या अवयवांत ई. कोलाय सापडले, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या चिकटणाऱ्या जातीसारखे नव्हे, आत शिरणारे. ई. कोलायचं वर्णन तेओडोर एशरिश यांनी केलं १८८५ मध्ये, आणि तेही तान्ह्या बाळांच्या शौचातून. म्हणजे जंतू कळल्यावरही तो आत शिरतो कशामुळे, हे कळायला वेळ गेला.

डॉक्टरांच्या प्रतिसादात दोन गोष्टींची भर घालतो. एक, के-९९ तंतूंचा जनुक जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतो, तो प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो. प्लाझ्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. गोठ्यातला गरीब ई. कोलाय उद्या गरीबच राहील याची हमी नाही. दोन, हे तंतू ३७ अंशाला बनतात, १८ अंशाला बनत नाहीत. थंड जमिनीवर पडलेला जंतू तंतू काढत बसत नाही, वासराच्या ऊबदार पोटात गेला की काढतो. फुकट खर्च नाही!

आळसोबा
आमच्या बॉसपेक्षा जंतूचं नियोजन बरं.

करडूवाला
चिकाचं सगळं मान्य. पण माझा अनुभव याच्या उलट आहे, तो कुठे बसवायचा? माझ्याकडे शेळ्या आहेत. चीक नीट, आयांना दूध भरपूर, करडं गुबगुबीत. महिना-दोन महिन्यांची झाली की त्यातलंच एखादं सगळ्यात तगडं करडू सकाळी मान मागे टाकून मेलेलं सापडतं. आदल्या संध्याकाळी उड्या मारत होतं. हगवण नावालाही नाही, असली तर शेवटी थोडी. मरतुकडं करडू मात्र जगतं. मग चिकाने काय राखलं?

डॉ_सडेतोड
करडूवाला, वर्णनावरून तरी हा आंत्रविषार वाटतो. खात्री शवविच्छेदनाने आणि आतड्यातल्या द्रवाच्या तपासणीनेच. यात जंतू वेगळा, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, डी प्रकार. तो बाहेरून येऊन हल्ला करत नाही. थोड्या संख्येने आतड्यात आधीपासूनच असतो. तगड्या करडाने भरपूर दूध ओढलं किंवा अचानक धान्य खाल्लं की न पचलेली साखर आणि स्टार्च खाली आतड्यात उतरतं. या जंतूला तेच हवं असतं. तो झपाट्याने वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. आतड्यातून ते रक्तात, रक्तातून मेंदूत, मूत्रपिंडात. मेंढ्यांमध्ये मूत्रपिंड इतकं मऊ पडतं की इंग्रजीत या रोगाचं नावच त्यावरून पडलंय. मरतुकडं करडू का वाचतं हे आता कळलं असेल. त्याला तेवढं प्यायलाच मिळत नाही.

चिकाने राखतं का? आईला विण्याआधी चार-सहा आठवडे आंत्रविषाराची लस दिली असेल तर चिकातून आलेली प्रतिपिंडं करडाला सुरुवातीचे काही आठवडे सांभाळतात. पुढे ती संपतात, तेव्हा करडाला स्वतःची लस हवी, आणि पहिल्यांदा देताना दोन मात्रा, काही आठवड्यांच्या अंतराने. एक टोचून विसरणारे खूप भेटतात.

सूक्ष्मदर्शी
इथे मला राहवत नाही. त्याच जंतूचा सी प्रकार पहिल्या काही दिवसांतच मारतो, आतड्याची भिंत जाळून, रक्ताळ हगवणीने. त्याचं बीटा विष ट्रिप्सिनने नष्ट होतं. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातलं प्रथिनं तोडणारं पाचक विकर. मग तान्ह्या पिल्लात ते नष्ट का होत नाही? कारण चिकात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. तो तिथे हवाच, नाहीतर प्रतिपिंडं रक्तात जायच्या आधीच पचून जातील. प्रतिपिंडं वाचतात, सोबत विषही वाचतं.

डी प्रकारात बरोबर उलट. एप्सिलॉन विष आधी निष्क्रिय असतं आणि ट्रिप्सिननेच ते जागं होतं. म्हणून ते थोड्या मोठ्या, पचन सुरळीत चालू झालेल्या करडा-कोकरांत. एकच विकर एका वयात हवं असताना नसतं, दुसऱ्या वयात नको असताना असतं.

रानफूल
बाप रे. मग चीक द्यायचा की नाही?? :)

सूक्ष्मदर्शी
द्यायचाच! आईला लस दिलेली असेल तर त्याच चिकात बीटा विषाविरुद्धची प्रतिपिंडंही येतात. चीक न दिलेलं पिल्लू सगळ्याच बाजूंनी उघडं पडतं.

पाटलीणबाई
डॉक्टर, नंतर भांडू म्हणालात ते विसरले नाहीये मी. बरं, चीक पोटभर द्या. पण हगवण लागल्यावर दूध तोडायचं की नाही? आम्ही तोडतो. फक्त पाणी. दोन दिवसांत शेण बांधून येतं. हे डोळ्यांनी बघितलंय.

डॉ_सडेतोड
दूध तोडलं की शेण कमी होतं, खरं आहे. आत काही जातच नाही तर बाहेर काय येणार? पण वासराकडे अंगावर चरबी नावाला असते. ऊब राखायला आणि आतडं भरून यायला लागणारी ताकद दुधातूनच येते. हल्लीचा सल्ला असा की चोखतंय तोवर दूध चालू ठेवा, थोडं थोडं, जास्त वेळा विभागून. ओआरएस त्याच्याशिवाय वेगळं, दोन दुधांच्या मध्ये. बायकार्बोनेटवालं ओआरएस दुधात कालवू नका, चौथ्या पोटात दूध जमायला अडथळा येतो. दोन तासांचं अंतर ठेवा. आणि ओआरएसच्या जोरावर दूध पूर्ण बंद करून दिवसेंदिवस ठेवलेलं वासरू हगवणीने नाही, उपासमारीने मरतं.

मानेच्या कातडीला चिमटा घ्या. सोडल्यावर लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसली, डोळा नि पापणी यात फट दिसू लागली, तर पाणी बरंच गेलंय. उभं राहत नसेल, चोखत नसेल, तर तोंडाने देण्याची वेळ गेली. तिथे शिरेतून सलाईन, आणि तेही डॉक्टरांनी.

पाटलीणबाई
चिमट्याचं सासूबाई पण करायच्या बरं का. तेवढं तरी तुमचं नि त्यांचं जमलं.

जुगाडू
एवढं सगळं कशाला? हगवण दिसली की प्रतिजैविकाची गोळी घशात. मी तर जन्मल्या दिवशीच देतो, आधीच बंदोबस्त.

तिफण
अरे देवा.

डॉ_सडेतोड
जुगाडू, कशाचा बंदोबस्त? दुसऱ्या आठवड्यात लागणारी हगवण बहुतेक रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियमची. पहिले दोन विषाणू, तिसरा एकपेशीय परजीवी. तुमची गोळी तिघांनाही हात लावत नाही. उलट आतड्यात आधी वस्ती करून बसलेले निरुपद्रवी जंतू मारून दुसऱ्याला जागा मोकळी करून देते. आणि गोठ्यात उरतात ते गोळीला न जुमानणारे.

ताप, रक्ताळ शेण, वासरू मलूल, नाळ सुजलेली, यापैकी काही असेल तर जंतू रक्तात गेल्याची शंका धरून प्रतिजैविक द्यावंच लागतं. टोचून, नेमकं, पूर्ण मात्रेत. हगणाऱ्या पण उभ्या, चोखणाऱ्या, ताप नसलेल्या वासराला पाणी नि मीठ द्या.

जुगाडू
पण माझी वासरं जगतात.

आळसोबा
माझाही चष्मा न लावता गाडी चालवणारा काका आहे. जगतोय. आम्ही मात्र रस्ता बदलतो.

मेंढरं_राखणारा
कोकरांतला एक प्रकार कुणी काढला नाही अजून. जन्मून एक-दोन दिवसांचं कोकरू, तोंडातून लाळ गळते, हनुवटी ओली, तोंड गार, पोट फुगलेलं. हलवलं तर पोटात पाणी खळखळतं. हगत नाही, उलट काळं शेणही पडलेलं नसतं. जुळ्या-तिळ्यांत जास्त. हे पण पोटातल्या जंतूचंच ना?

डॉ_सडेतोड
हो, छान आठवण केलीत. तोही ई. कोलाय, पण तंतू-विषवाला नाही, साधाच. चीक उशिरा, लोकर मळलेली, सड शेणाने बरबटलेले. कोकरू चोखतं ते दुधाआधी घाण. आम्ल नसलेल्या जठरातून जंतू खाली जातो, भराभर वाढतो, मरतो, आणि मेलेल्या जंतूंच्या भिंतीतलं विष रक्तात जातं. आतडं हलायचं थांबतं. तिळ्यांत जास्त, कारण चीक तिघांत वाटला जातो. कोकराला वजनाच्या किलोमागे ५० मिली चीक एका वेळी, पहिल्या काही तासांत, आणि दिवसभरात किलोमागे २०० मिली असा हिशेब धरा. वासराला साधारण वजनाचा दहावा भाग, पहिल्या दोन-चार तासांत. ३५ किलोचं असेल तर साडेतीन लिटर. स्वतः पीत नसेल तर नळीने, पण नळी घालायला आधी कुणाकडून तरी शिका. फुफ्फुसात गेलं तर तिथेच कारभार आटोपतो.

निसर्गवादी
आईपाशी सोडा की सरळ. निसर्ग काय वेडा आहे का? बादल्या, नळ्या, मापं, हे सगळं आपण करून ठेवलेलं आहे.

तिफण
निसर्गात गाय कळपापासून लांब, स्वच्छ गवतावर विते आणि तिथून हलते. आपण तिला चार गाईंनी हगलेल्या जागेवर विऊ देतो. मग निसर्गाला का मध्ये आणता? वासरू प्यायलं किती हेही कळत नाही. मी कास धुऊन, पहिल्या धारा टाकून, चीक काढून मोजून पाजतो. नंतर खुशाल आईला चाटू दे.

सूक्ष्मदर्शी
तिफण यांना दुजोरा. त्यात हेही धरा की काढलेला चीक तसाच उघडा ठेवला तर जंतू त्यात दर अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होत जातात. आणि जंतूंनी भरलेल्या चिकातून प्रतिपिंडं कमी शोषली जातात. काही जंतू त्यांना चिकटतात, काही आतड्याच्या पेशींत आधी जाऊन बसतात. काढला की लगेच पाजा, नाहीतर लगेच गार करा. ६० अंशाला तासभर तापवून जंतू कमी करता येतात, प्रतिपिंडं बहुतेक टिकतात. पण त्याला तापमापक हवा. चुलीवर अंदाजाने कराल तर प्रतिपिंडंही शिजतील.

निसर्गवादी
बरं. पण एका बाबतीत मी ठाम आहे. आई-वासरू तोडल्याने दोघांनाही ताण येतो. ताणाने रोग वाढतो हे तरी मानाल?

डॉ_सडेतोड
मानतो. साल्मोनेलाच्या बाबतीत तर नक्कीच. लांबचा प्रवास, गर्दी, अचानक बदललेलं दूध, आणि दोन ते सहा आठवड्यांची वासरं एकामागून एक पडतात. हा मात्र आत शिरणारा जंतू आहे. रानफूल, तुम्हाला वाटत होतं ते इथे लागू पडतं. आतड्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचे पट्टे असतात, पेयर्स पॅचेस. त्यांच्यावर एम नावाच्या पेशी. त्यांचं कामच आतड्यातला माल थोडा थोडा उचलून आतल्या प्रतिकारपेशींना दाखवणं. साल्मोनेला याच दारातून आत जातो, शेजारच्या पेशींतही स्वतःची प्रथिनं टोचून त्यांना गिळायला लावतो, आणि आत गिळणाऱ्या भक्षक पेशीत न मरता राहतो. मग सूज, आवरणाचे तुकडे, शेणात रक्त, उग्र वास, ताप. बरी झालेली काही जनावरं पुढे जंतू सांडत राहतात, विशेषतः डब्लिन प्रकारात. हा माणसालाही लागतो. अशा वासराला हात लावल्यावर साबणाने धुवा आणि पोरांना लांब ठेवा.

सूक्ष्मदर्शी
आणि त्याच दारातून जाणारा दुसरा पाहुणा म्हणजे जोन्स रोगाचा मायकोबॅक्टेरियम. जर्मनीत १८९५ मध्ये योने आणि फ्रॉदिंगहॅम यांनी वर्णन केलेला. तान्ह्या वासराच्या आतड्यात शेवटी पेयर्स पॅचचा लांबलचक पट्टा असतो, वयाबरोबर तो आक्रसतो. म्हणून लागण मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत, आईच्या शेणातून, चिकातून, दुधातून. आणि हगवण दिसते ती दोन ते पाच वर्षांनी, गाय दुधावर आल्यावर. खाते, ताप नाही, तरी झिजत जाते, शेण पाण्यासारखं. उपचार नाही. निसर्गवादी, ज्या गोठ्यात हा रोग आहे तिथे वासरू लगेच वेगळं करतात ते यासाठी. ताणाचा हिशेब त्या गोठ्यात बाजूला ठेवावा लागतो.

निसर्गवादी
त्या गोठ्यात, ठीक. सरसकट नाही.

डॉ_सडेतोड
सरसकट मीही म्हणत नाही.

आळसोबा
धाग्यावर एकमत? प्रशासक, बघा काहीतरी बिघाड झालाय.

शंकाखोर
सगळं दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या प्रश्नावर येतो. समजा दुसऱ्या वासराला चीक उशिरा मिळाला म्हणून रक्तात प्रतिपिंडं कमी गेली. पण डॉक्टर म्हणतात हा ई. कोलाय रक्तात जातच नाही, आतड्याच्या पृष्ठभागावर बसतो. मग रक्तातली प्रतिपिंडं तिथे कशी पोचतात? हे काही जुळत नाही.

डॉ_सडेतोड
वा! हा प्रश्न परीक्षेत विचारला तर निम्मा वर्ग गप्प बसेल.

चिकातली सगळी प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत. बरीच आतड्यातच राहतात आणि तंतूंनाच जाऊन चिकटतात. तंतू झाकले गेले की पेशीला धरायला मोकळे राहत नाहीत. शिवाय रक्तात गेलेल्यांतली काही पुढचे दिवस परत आतड्यात झिरपत राहतात. विण्याआधी गाईला के-९९ची लस देतात ती यासाठीच, गाईला तो रोग होत नसतानाही.

म्हणजे प्रश्न उरतो आधी कोण पोचलं याचा. तुमचं पहिलं वासरू उठलं, प्यायलं. जंतू आला तेव्हा आतडं प्रतिपिंडांनी माखलेलं होतं. दुसरं अडलेल्या विणीतून आलं. असं वासरू थकलेलं, रक्तात आम्ल वाढलेलं, गारठलेलं असतं. उठत नाही, चोखत नाही. पडल्या जागी जमीन चाटतं, बरबटलेली कास हुंगतं. पहिला घोट शेणाचा. जंतू मोकळ्या आतड्यात पोचतो, चिकटतो, वाढत सुटतो. मागून चीक येतो तेव्हा तंतू आधीच पेशीला घट्ट धरून बसलेले, आणि चीक शोषायची वेळही सरत आलेली. दोघांनी गिळलेला जंतू एकच, फक्त एकात तो चिकाच्या आधी पोचला.

मेंढरं_राखणारा
यात जागेचाही भाग आहे. हंगामात पहिली जन्मलेली कोकरं सहसा चांगली निघतात, शेवटची पडतात. प्रत्येक पिल्लू गिळतं त्याच्या कैक पट जंतू बाहेर टाकतं. शेवटच्याच्या वाटणीला सगळ्यांचं येतं.

सूक्ष्मदर्शी
अगदी. अमेरिकेत नेब्रास्कात यावरच सँडहिल्स पद्धत बसवली. आठवड्याला न व्यायलेल्या गाभण गाई पुढच्या कोऱ्या कुरणात हलवतात, व्यालेल्या वासरांसह मागेच राहतात. लहान वासराला मोठ्या वासराचं शेण भेटतच नाही. औषध नाही, नुसती हलवाहलव.

तिफण
बादल्यांचाही क्रम लावा. आधी सगळ्यात लहान वासराला पाजायचं, मग मोठ्यांना, हगवण लागलेल्याला सगळ्यात शेवटी. उलट केलं की आपणच जंतू घरपोच देतो.

शंकाखोर
कळलं. आता शेवटचं. दुसरं वासरू अजून तग धरून आहे. मान उचलतंय, थोडं चोखतंय. तुमचं वाचून दूध चालू केलं, मध्ये ओआरएस. कुठला जंतू ते कळायला शेणाचा नमुना द्यायचाय. काय पाठवू?

डॉ_सडेतोड
चोखतंय म्हणजे आशा आहे. वय काय आता?

शंकाखोर
पहिला आठवडा सरत आलाय.

डॉ_सडेतोड
मग रोटाव्हायरसही तपासायला सांगा. दोघं एकत्र असले की के-९९चं ठरलेलं वय पुढे सरकतं. प्रतिजैविक दिलं नसेल तर उत्तम, दिलं असेल तर तसं लिहून द्या. जमिनीवरचं शेण उचलू नका, वासराच्या गुदाशी स्वच्छ डबी धरून ताजं घ्या. घट्ट झाकण, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. सोबत हगवण नुकतीच लागलेलं दुसरं एखादं वासरू असेल तर त्याचाही. आणि जे उड्या मारतंय त्याचं रक्त घ्या जमलं तर.

रानफूल
त्या बरं असलेल्याचं कशाला?

डॉ_सडेतोड
तुमच्या गोठ्यात चीक खरंच पोचतो का ते बघायला. रक्तातलं एकूण प्रथिन ५.२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर पोचलाय असं धरतात. आठवड्याच्या आतल्या निरोगी वासराचंच घ्यायचं. हगणाऱ्याचं घेतलं तर पाणी गेल्याने आकडा उगाच फुगलेला येतो.

पाटलीणबाई
शंकाखोर, रिपोर्ट आला की इथे टाका. आणि डॉक्टर, माझ्या म्हशीचं पारडू या आठवड्यात होईल. पारडाला चीक मोजायचा तर हिशेब वासराचाच ना?

डॉ_सडेतोड
तोच, वजनाचा दहावा भाग. कास धुऊन.